दारावरचा लाल दिवा : इनडोअर अरेनाच्या तिकिटात माणूस कसा फसतो

इनडोअर अरेनाचं, म्हणजे खेळ आणि मैफली होतात त्या बंदिस्त स्टेडियमचं, तिकीट दुसऱ्या कोणाकडून घेताना फसवणूक होते महिनाभर आधी, कळते मात्र दारावर. मोबाइल स्कॅनरखाली धरला की हिरव्याऐवजी लाल दिवा लागतो आणि मागची रांग ढकलायला लागते. अशा वेळी बहुतेक जण दारावरच्या माणसाशी हुज्जत घालतात आणि चिडून घरी जातात. स्कॅनरच्या पडद्यावर नेमकं काय आलं, हे कोणी विचारत नाही. ते विचारायलाच हवं, कारण लाल दिवा एकच असला तरी त्यामागची लबाडी दर वेळी वेगळी असते आणि पैसे परत मागताना नेमका त्याच शब्दांचा उपयोग होतो.

‘आधीच वापरले’ असं आलं तर त्याच बारकोडवर दुसरं कोणी आत गेलेलं आहे. एकच पीडीएफ पाच-दहा जणांना विकली जाते. जो आधी पोहोचतो तो आत बसतो, बाकीचे सगळे बाहेर. आधीच्या प्रवेशाची वेळ बऱ्याचदा यंत्रणेत दिसते, ती विचारून लिहून घ्या. तिकीट मिळाल्याच्या आनंदात त्याचा फोटो सोशल मीडियावर टाकणाऱ्यांवरही हीच वेळ येते, कारण फोटोतल्या बारकोडची नक्कल करायला काहीच लागत नाही.

‘रद्द’ असं आलं तर प्रकार जास्त कुटिल आहे. विकलं तेव्हा तिकीट खरंच होतं. पण ते चोरलेल्या कार्डावर घेतलेलं असतं, कार्डाचा मालक बँकेत तक्रार करतो आणि तिकीट कंपनी ते बाद करते. किंवा विकणाराच ‘तिकीट हरवलं’ म्हणून नवं काढून घेतो आणि तुमच्याकडचं आपोआप मरतं. म्हणून ‘खरेदीचा मूळ मेल दाखवतो’ या आश्वासनावर विसंबू नये. मेल खराच असतो, पण तो आजचं काहीच सांगत नाही.

‘नोंद नाही’ म्हणजे बहुधा ते तिकीट कधी अस्तित्वातच नव्हतं. कोणीतरी जुन्या तिकिटावर तारीख आणि आसन क्रमांक बदलून चित्र तयार केलेलं असतं.

अनेक मोठ्या अरेनांत आता दर काही सेकंदांनी बदलणारा बारकोड असतो. तिथे स्क्रीनशॉट चालत नाही. अशा कार्यक्रमाचं तिकीट कोणी स्क्रीनशॉटने पाठवत असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. खरा मार्ग एकच : अधिकृत ॲपमधून तिकीट तुमच्या खात्यावर हस्तांतरित होणं. तसं झालं की जुना कोड बाद होतो आणि नवा तुमच्या खात्यात येतो. यातही दोन फासे आहेत. काही विक्रेते तिकिटाऐवजी आपल्या खात्याचं नाव-पासवर्ड देतात. मग आदल्या रात्री तेच आत शिरून तिकीट दुसऱ्याकडे वळवतात. दुसरा फासा म्हणजे ‘तिकीट स्वीकारा’ अशी लिंक असलेला खोटा मेल. ती लिंक उघडूच नये. ॲप आपल्या हाताने उघडून पाहावं. तिकीट आपल्या खात्यात दिसेपर्यंत ते आलंच नाही असं समजावं.

आता आसनांचं. याबद्दल फार कमी बोललं जातं आणि इथेच भलेभले फसतात. अरेनाचा आराखडा रोज सारखा नसतो. बास्केटबॉलचं मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, आईस हॉकीची रिंक त्याच्या दुपटीहून थोडी जास्त लांब, आणि मैफलीला बहुधा एका टोकाला रंगमंच. त्यामुळे खेळाच्या दिवशी भरलेले काही विभाग मैफलीच्या दिवशी रंगमंचाच्या मागे जातात आणि बंद राहतात. फसवणारा मात्र खेळाचाच नकाशा दाखवून तिथली आसनं विकतो. विभाग अरेनात खरोखर असतो, त्यामुळे घेणाऱ्याला शंका येत नाही. त्या रात्रीपुरता तो विक्रीलाच नसतो. म्हणून आसनांचा सर्वसाधारण नकाशा न पाहता त्या विशिष्ट कार्यक्रमाचा नकाशा अरेनाच्या संकेतस्थळावर उघडून विभाग आणि रांग ताडून पाहावी.

दृष्टीला अडथळा असलेल्या आसनांवर मूळ विक्रीत तशी सूचना असते. पुढे विकणारा ती गाळतो. ‘फ्लोअर’ या शब्दालाही भुलू नये. तिथे सपाट जमिनीवर सुट्या खुर्च्या मांडलेल्या असतात, उतार नसतो. मागच्या रांगेतून पुढच्यांची डोकीच दिसतात, आणि ध्वनियंत्रणेचं टेबलही बऱ्याचदा तिथेच मध्ये असतं. त्यापेक्षा खालच्या टप्प्यातली बाजूची उतरती रांग कितीतरी बरी.

आसन क्रमांकच न देता ‘अमुक विभाग किंवा तत्सम’ असं लिहिलेलं असेल तर विक्रेत्याच्या हातात बहुधा तिकीट नाहीच. भाव उतरले तर तो घेऊन देईल, चढले तर आयत्या वेळी हात वर करील. ब्रिटनच्या २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याने पुनर्विक्रीत विभाग, रांग, आसन आणि तिकिटावरची मूळ किंमत सांगणं बंधनकारक केलं आहे. असा कायदा नसेल तिथेही हे चार प्रश्न विचारता येतात. टाळाटाळ झाली की उत्तर मिळालंच.

बनावट संकेतस्थळं शोधयंत्राच्या जाहिरातींत सर्वांत वर दिसू शकतात. पत्त्यात अरेनाचं नाव असतं, त्याला ‘तिकीट’ किंवा ‘बॉक्स ऑफिस’ अशा अर्थाचं शेपूट जोडलेलं असतं, आणि पानावर घाई करणारं उलट मोजणारं घड्याळ. अधिकृत विक्रेता कोण, हे अरेनाच्या स्वतःच्या कार्यक्रमाच्या पानावर दिलेलं असतं. तिथल्याच लिंकने जावं. पार्किंगचे पैसे भरायचा खांबावरचा क्यूआर कोडही नखाने चाचपून पाहावा. मूळ कोडावर दुसरा चिकटवलेला असू शकतो.

पैसे क्रेडिट कार्डाने द्यावेत. ‘मित्राला पाठवा’ या प्रकारात थेट पैसे पाठवले तर खरेदीदाराचं संरक्षण राहत नाही. विक्रेता त्याचाच आग्रह धरत असेल तर कारण उघड आहे.

आणि लाल दिवा लागलाच, तर आवारातून बाहेर पडू नका. तिकीट खिडकीवर जा. प्रवेश नाकारल्याची वेळ, बारकोड क्रमांक आणि पडद्यावरचे शब्द लेखी मागा. लेखी मिळालं नाही तर पडद्याचा फोटो काढू देण्याची विनंती करा. विक्रीची जाहिरात, संभाषण आणि पावती यांचे स्क्रीनशॉट तिथेच उभ्या उभ्या घ्या. विक्रेता फोनवर ‘दहा मिनिटं थांबा, दुसरं पाठवतो’ म्हणेल. तेवढ्या वेळात तो आपलं खातं पुसत असतो.

बँकेत त्याच रात्री तक्रार नोंदवा, ‘सेवा मिळाली नाही’ या कारणाखाली. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा दाव्याला साधारण १२० दिवस असतात, पण बँकेची स्वतःची मुदत कमी असू शकते. कुठेही जाहीर तक्रार लिहिली की काही दिवसांत कोणीतरी ‘तुमचे पैसे सोडवून देतो, आधी थोडं शुल्क भरा’ असा निरोप पाठवतं. तो बहुधा त्याच टोळीचा असतो, किंवा तिच्याकडून तुमचं नाव विकत घेतलेला.