तुर्की प्रश्नावली: उलट भाषांतर की एकत्र बैठक?

विश्वास मोजणारी मापनी, म्हणजे सहमत की असहमत असं विचारणाऱ्या विधानांची प्रश्नावली, तुर्कीत आणायची तर भाषांतर कसं करावं, असं दोघातिघांनी विचारलं. मी दोन्ही पद्धती वापरून पाहिल्यात. पुढे दोन शब्द येतील: अल्फा म्हणजे मापनीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, आणि घटक विश्लेषण म्हणजे कोणती विधानं मिळून एक गट, म्हणजे घटक, बनवतात हे पाहणं.

उलट भाषांतर संशोधक रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या 1970 च्या लेखापासून रुळलेलं आहे. एकाने तुर्की करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने त्याचं परत इंग्रजी करायचं, मग दोन्ही इंग्रजी ताडायची. स्वस्त पडतं, मार्गदर्शकांना आवडतं. तुर्की न येणाऱ्यालाही तपासता येतं. सोय तीच आणि गोमही तीच.

तुर्कीत नकार क्रियापदाच्या पोटात असतो. ‘ग्यूवेनिरिम’ म्हणजे विश्वास ठेवतो, ‘ग्यूवेनमेम’ म्हणजे ठेवत नाही. आमची नकारार्थी विधानं इंग्रजीत मुळाबरहुकूम परत आली, आम्ही खूश. पण खाली उत्तराचे पर्याय ‘कातिलियोरुम’ आणि ‘कातिलमियोरुम’. सहमत, असहमत, फरक एका ‘म’चा. म्हणजे नकारावर नकार. इझमीरच्या एक बाई पेन हवेत धरून म्हणाल्या, “आता मी विश्वास ठेवते की नाही, तुम्हीच सांगा.” पुढे अल्फा घसरला आणि विश्लेषणात नेमकी हीच विधानं वेगळी चूल मांडून बसली. त्या घटकाला ‘अविश्वास’ असं नाव देऊन मोकळं व्हायचा मोह झाला होता. पण तो मनाचा नव्हे, वाक्यरचनेचा घटक असावा.

दुसरी पद्धत एकत्र बैठकीची, सर्वेक्षणतज्ज्ञ जॅनेट हार्कनेस यांची. अनेक देशांत होणाऱ्या युरोपियन सोशल सर्व्हे या सर्वेक्षणात हीच चालते. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, मग तिसऱ्याला घेऊन एकत्र भांडायचं, आणि मसुदा लोकांसमोर ठेवायचा. वेळखाऊ आहे, नाही म्हणत नाही. विश्वासासाठी ‘ग्यूवेन’ हा शब्द घ्यावा की अरबीतून आलेला, जुन्या वळणाचा ‘इतिमात’, यावर आमची एक अख्खी दुपार आणि बरेच चहाचे पेले गेले. (विश्वास की भरवसा, यावर आपलीही गेली असती.) पण मोजक्या लोकांना विधान मोठ्याने वाचायला लावलं, ‘यातून तुम्हाला काय समजलं’ विचारलं, की तो ‘म’ पहिल्याच दिवशी पकडला जातो. चारशे अर्ज भरून घेतल्यावर नव्हे.

मापनी छोटी असेल, सगळी विधानं सरळ असतील, तर उलट भाषांतराने बहुधा भागेल. परीक्षकांनी मागितलंच तर शेवटी तेही जोडावं. पुढच्या मापनीच्या वेळी मी मात्र आधी बैठकीचे आणि मुलाखतींचे पैसे बाजूला काढले.