खमंग काकडी की जिरावण लावलेले काप?

इंदूरच्या मराठी घरांत संध्याकाळच्या हलक्या खाण्यासाठी काकडी दोन तऱ्हांनी होते.

जिरावण म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला. त्याचे काप पाच मिनिटांत होतात. काकडीच्या लांब फोडी करायच्या, फडक्याने कोरड्या टिपायच्या, लिंबू चोळायचं आणि अगदी खाताना वर जिरावण भुरभुरायचं. दोन काकड्यांना पाऊण चमचा पुरे. वेगळं मीठ नको, ते जिरावणात असतंच. आधीच मसाला लावून ठेवला तर त्यातलं मीठ पाणी ओढतं आणि सगळा मसाला ताटलीच्या तळाशी जातो.

खमंग काकडीला जास्त लक्ष द्यावं लागतं. आधी देठाकडचा तुकडा चाखून बघा, कडू असेल तर तेवढा भाग काढून टाका. काकडी किसू नका, कोचवा, म्हणजे सुरीने उभ्या-आडव्या चिरा देत बारीक कापा. किसाचा लगदा होतो. पाव चमचा मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, मग हलक्या हाताने पिळा. ते पाणी फेकू नका, ताकात छान लागतं. आता अर्धं लिंबू, चिमूटभर साखर आणि कोथिंबीर. वरून चमचाभर तुपात जिरं, हिंग, दोन हिरव्या मिरच्यांची फोडणी, जरा निवलेली. तीन मोठे चमचे दाण्याचं जाडसर कूट शेवटी घाला, नाहीतर ते भिजून चिकट होतं.

वजनाकडे लक्ष असेल तर काप बरे. नुसत्या कुटातूनच साधारण १४० कॅलरी येतात. पण जेवणापर्यंत भूक थोपवायची तर खमंग काकडीच करावी, दाण्यांमुळे पोटाला आधार राहतो.