रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी एकच स्पोर्ट्‌स कार: टायर आणि चाके निवडताना

स्पोर्ट्‌स कार रोज रस्त्यावर चालवायची आणि वर्षातले काही दिवस ट्रॅकवरही न्यायची असे ठरले, की चाकांच्या खरेदीचा प्रश्न पुढे येतो आणि बहुतेक जण त्याची सुरुवात रिमपासून करतात. हा क्रम उलटा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी टायर ठरवावा, मग त्या टायरला साजेशी रुंदी आणि व्यास ठरवावा आणि त्यानंतरच त्या मापाची रिम शोधावी. कारण वळणावर, जोरात ब्रेक लावल्यावर आणि पावसात गाडी कशी वागेल, यात सर्वांत मोठा वाटा टायरचा असतो आणि रिमचे मुख्य काम त्या टायरला नीट धरून ठेवण्याचे असते. टायर ठरवण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न प्रामाणिकपणे विचारावेत: वर्षात ट्रॅकवर प्रत्यक्ष किती दिवस जाणे होईल, आणि ट्रॅकपर्यंतचा प्रवास त्याच टायरांवर करावा लागेल का.

तीन प्रकारचे टायर

पहिला प्रकार रस्त्यासाठी बनवलेल्या उच्च क्षमतेच्या टायरचा. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४ एस हे त्याचे परिचित उदाहरण आहे. याच्या खोबणी खोल असतात, रबर फारसे गरम झालेले नसतानाही पकड देते आणि साचलेले पाणी बाजूला सारण्याची त्याची क्षमता उरलेल्या दोन प्रकारांपेक्षा निश्चितच जास्त असते. ट्रॅकवरच्या पहिल्या काही लॅपमध्ये तो समाधानकारक वाटतो. परंतु खोल खोबणींमुळे उंच राहिलेले रबराचे ठोकळे तापले की मऊ पडून वळणात हलू लागतात, स्टिअरिंगचा नेमकेपणा कमी होतो, पकड ओसरत जाते आणि सलग वीस मिनिटे वेगात चालवल्यास टायरचे खांदे लवकर झिजतात. तरीही नवख्या चालकासाठी मला हाच प्रकार योग्य वाटतो. त्याची पकड एकदम सुटत नाही, सुटण्याआधी तो आवाजाने आणि स्टिअरिंगमधून पुरेशी सूचना देतो, आणि मर्यादा कमी वेगाला येत असल्यामुळे चुका दुरुस्त करायला वेळ मिळतो.

दुसऱ्या टोकाला सेमी-स्लिक टायर येतात. टोयोचा प्रॉक्सेस आर८८८आर किंवा मिशेलिनचा पायलट स्पोर्ट कप २ यांसारखे हे टायर रस्त्यावर वापरण्यास मान्यताप्राप्त असले, तरी त्यांची रचना कोरड्या ट्रॅकसाठीच केलेली आहे. खोबणी कमी आणि उथळ असल्याने रबराचा जास्त भाग जमिनीला टेकतो, ठोकळे हलत नाहीत आणि टायर तापल्यावर मिळणारी पकड पहिल्या प्रकाराच्या तुलनेत फारच वरची असते. मात्र सकाळच्या थंड रस्त्यावर, टायर तापलेला नसताना, ही पकड हाताशी नसते आणि साचलेल्या पाण्यात गाडी तरंगण्याचा धोका खरा असतो. तापमान शून्याखाली जाते अशा ठिकाणी हे टायर चालवू तर नयेतच, पण उघड्यावर ठेवूही नयेत. अतिथंडीत कडक झालेल्या रबराला तडे जाऊ शकतात. शिवाय तापणे आणि थंड होणे यांच्या प्रत्येक फेरीनंतर हे रबर थोडे अधिक कडक होते, त्यामुळे असा टायर गोटा होण्याआधीच निकामी होतो. वरून नक्षी शाबूत दिसते, पण लॅपची वेळ मात्र वाढत राहते.

मधला प्रकार समजून घेण्यासाठी ट्रेडवेअर क्रमांकाचा, म्हणजे टायर किती टिकेल हे सांगणाऱ्या आकड्याचा, अर्थ माहीत असायला हवा. अमेरिकेच्या नियमांनुसार हा क्रमांक टायरच्या बाजूवर छापलेला असतो. टेक्सासमधल्या सुमारे ६४० किलोमीटरच्या ठरावीक सार्वजनिक मार्गावर एकूण साधारण ११,६०० किलोमीटर टायर चालवून त्याची झीज एका प्रमाण टायरशी ताडली जाते. १०० क्रमांकाच्या टायरपेक्षा २०० क्रमांकाचा टायर दुप्पट टिकावा, असा त्याचा ढोबळ अर्थ होतो. पायलट स्पोर्ट ४ एसवर ३०० हा आकडा असतो, तर हूझियरच्या आर७ या शर्यतीच्या टायरवर अवघा ४०. परंतु हा क्रमांक अखेर उत्पादक स्वतः जाहीर करतो आणि तो केवळ झिजेबद्दल असतो, पकडीबद्दल नव्हे. म्हणून दोन कंपन्यांच्या टायरांची तुलना फक्त या आकड्यावरून करणे चुकीचे ठरते. अनेक हौशी स्पर्धांच्या नियमांत किमान २०० ही अट आल्यापासून उत्पादकांनी नेमक्या त्याच आकड्याचे, पण शक्य तितकी पकड देणारे टायर बनवायला सुरुवात केली, आणि त्यातून हा मधला वर्ग भरभराटीला आला.

या वर्गातही दोन स्वभाव आहेत आणि खरेदी करताना हा फरक सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. योकोहामाचा अडव्हान ए०५२ किंवा ब्रिजस्टोनचा पोटेन्झा आरई-७१आरएस लवकर तापतो, एक-दोन लॅपमध्येच आपली सर्वोत्तम पकड देतो आणि त्या बदल्यात झपाट्याने झिजतो. हँकूकचा व्हेन्टस आरएस४ तापायला वेळ घेतो, त्याची सर्वोच्च पकडही थोडी कमी असते, पण तो लांबलचक सत्र जवळजवळ एकसारखा चालतो आणि बराच जास्त टिकतो. एका मिनिटाच्या चढाओढीसाठी पहिला स्वभाव हवा. सराव करत शिकणाऱ्या, दिवसभरात चार-पाच सत्रे चालवणाऱ्या माणसाला मी निःसंकोचपणे दुसरा सुचवेन, कारण टायर एकसारखा वागत असेल तरच आपल्या चुका आपल्याला ओळखता येतात. दोन्हींवर तोच २०० हा आकडा आहे, हे लक्षात ठेवावे.

एक संच की दोन

वर्षात एक-दोन दिवसच ट्रॅकवर जाणार असाल, तर गाडीच्या मूळ रिमांवर पहिल्या प्रकारचे चार नवे टायर घालणे पुरेसे आहे, आणि उरलेले पैसे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइलवर खर्च करावेत. वर्षात चार-पाच दिवसांच्या पुढे जाणार असाल, तर खरा प्रश्न उभा राहतो: २०० वर्गाचा एकच संच बारा महिने वापरावा, की ट्रॅकसाठी चार वेगळी चाके ठेवावीत?

एका संचाची सोय मोठी आहे. चाके बदलण्याची खटपट नाही, साठवणुकीची अडचण नाही. पण महाग आणि मऊ रबर रोजच्या कंटाळवाण्या प्रवासात झिजते, रस्त्यावरचा आवाज वाढतो, छोटे खडे उचलून ते चाकाच्या कमानीत आपटत राहतात आणि टायर अर्धा झिजल्यानंतर मुसळधार पावसात गाडी बाहेर काढण्याची धास्ती वाटू लागते. दोन संचांत सुरुवातीचा खर्च साहजिकच जास्त असतो. तरी प्रत्येक टायर ज्या कामासाठी बनवला आहे त्याच कामात झिजत असल्याने काही वर्षांत ही तफावत बरीच भरून निघते. रिम तर टायरसारखी संपत नाही. ट्रॅकवर एखादा टायर निकामी झाला किंवा रिम वाकली, तरी घरी परतण्यासाठी दुसरा संच हाताशी असतो, ही गोष्ट मला लॅपच्या वेळेइतकीच मोलाची वाटते. चार जास्तीची चाके छोट्या गाडीत कशी न्यायची, ही शंका रास्त आहे. मागची आसने दुमडल्यावर चार टायर मावावेत, असा विचार टोयोटा ८६ च्या रचनेतच केला होता; तुमच्या गाडीत ते मावत नसतील आणि ट्रेलरही नसेल, तर ट्रॅकचे टायर लावूनच प्रवास करावा लागतो, आणि मग सेमी-स्लिकऐवजी मधला वर्गच शहाणपणाचा ठरतो.

माप, रुंदी आणि ऑफसेट

मापांची चर्चा हवेत करण्याऐवजी टोयोटा जीआर८६ हे उदाहरण घेऊ. तिच्या एका मूळ मापात ७.५ इंच रुंदीच्या, ४८ मिलिमीटर ऑफसेटच्या (रिमच्या मध्यरेषेपासून ती गाडीला टेकते त्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर) १८ इंची रिमवर २१५/४०आर१८ टायर येतो. म्हणजे टायर २१५ मिलिमीटर रुंद, त्याच्या साइडवॉलची (बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या ४० टक्के आणि रिम १८ इंची. २१५ चे ४० टक्के म्हणजे ८६. वरची आणि खालची बाजू मिळून १७२ मिलिमीटर, त्यात रिमचे ४५७.२ मिळवले की टायरचा व्यास ६२९.२ मिलिमीटर भरतो. आता ट्रॅकसाठी २४५/४०आर१७ घेतला, तर १९६ अधिक ४३१.८ म्हणजे ६२७.८ मिलिमीटर. फरक अवघ्या दीड मिलिमीटरचा आहे, त्यामुळे स्पीडोमीटर, गिअरचे प्रमाण आणि एबीएस यांत काहीच बिघडत नाही. मात्र टायर ३० मिलिमीटरने रुंद झाला, रिमचा व्यास एका इंचाने कमी झाला, साइडवॉल थोडी उंच झाल्याने ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांवर रिमला संरक्षण मिळाले, आणि १७ इंची टायर १८ इंचीपेक्षा सहसा हलका व स्वस्तही असतो. म्हणून ब्रेक कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आत मावत असेल, तर मी ट्रॅकसाठी नेहमी लहान व्यासाच्या बाजूने कौल देईन. १९ इंची चाके दिसतात सुरेख, पण बारीक साइडवॉलचा टायर एका खड्ड्यात रिमसकट जायला वेळ लागत नाही.

रुंद टायरला रुंद रिम लागते. २४५ च्या टायरसाठी ९ इंच रुंदी घेतली आणि ऑफसेट ४२ ठेवला, तर मूळ चाकाच्या तुलनेत रिमची आतली कड सस्पेन्शनच्या दिशेने सुमारे १३ मिलिमीटर आणि बाहेरची कड मडगार्डच्या दिशेने सुमारे २५ मिलिमीटर सरकते. रिम मागवण्यापूर्वी गाडीच्या दोन्ही बाजूंना एवढी जागा आहे का, हे स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबल्यावर काय होईल याचा अंदाज घेऊन स्वतः मोजावे. अरुंद रिमवर ओढूनताणून बसवलेला रुंद टायर वळणात बाजूला कलतो आणि रुंदीचा फायदा तिथेच हरवतो.

चारही चाके एकाच मापाची ठेवावीत की मागची रुंद असावीत, याबाबत गाडीनुसार उत्तर बदलते. इंजिन मागे असलेल्या किंवा फार मोठ्या ताकदीच्या गाडीला मागचे रुंद टायर आवश्यक असतात. इंजिन पुढे असलेल्या, मध्यम ताकदीच्या गाडीत मात्र चारही समान मापे ठेवली तर पुढच्या टोकाची पकड वाढते, अंडरस्टिअर (पुढची चाके घसरून गाडी वळणाबाहेर जाणे) कमी होते आणि पुढचे टायर मागे लावून झीज सारखी करता येते. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीत पुढच्या-मागच्या टायरांच्या परिघात उत्पादकाने ठरवल्याहून वेगळा फरक चालत नाही, कारण तो ताण थेट ट्रान्समिशनवर येतो.

ओतीव, फ्लो-फॉर्म्ड आणि फोर्ज्ड

रिम बनवण्याच्या पद्धतींत साधे ओतीव अलॉय सर्वांत स्वस्त आणि वजनदार असते. फ्लो-फॉर्म्ड रिम आधी ओतली जाते आणि मग तिचा नळकांड्यासारखा भाग तापवून, फिरवत, रोलरच्या दाबाने पातळ आणि घट्ट केला जातो. फोर्ज्ड रिम ॲल्युमिनियमच्या घन तुकड्यावर प्रचंड दाब देऊन घडवली जाते. १९९६ साली आलेली रेझची टीई३७ हे तिचे सर्वज्ञात उदाहरण आहे आणि तिच्या नावातले ३७ हे १५ इंची मापाच्या ३.७ किलो वजनावरून आलेले आहे. मोठा आघात बसला तर ओतीव रिमला तडा जाण्याची शक्यता जास्त असते, तर फोर्ज्ड रिम बहुधा आधी वाकते.

वजन कमी केल्याचा लाभ खरा आहे, पण तो कुठे मिळतो हे पाहावे. जीआर८६ च्या त्या मापात टायरच्या परिघावरचा एक किलो, वेग घेताना जवळपास दोन किलोंइतका भार ठरतो; रिमच्या कडेवरचा सुमारे दीड किलोंइतका; आणि हबजवळचा (चाक जिथे गाडीला जोडले जाते त्या मध्याजवळचा) जेमतेम एका किलोहून किंचित जास्त. म्हणजेच हलक्या रिमवर मोठी रक्कम घालून तिच्यावर जड टायर चढवणे हा स्वतःच्याच खर्चावर बोळा फिरवण्याचा प्रकार आहे. फ्लो-फॉर्म्ड रिम वजनाचा बराचसा फायदा कितीतरी कमी खर्चात देते, आणि हौशी चालकाने तिच्यापुढे जाण्याचे कारण मला सहसा दिसत नाही. जपानच्या जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए या चाचण्यांची खूण असलेली रिम घ्यावी. नामांकित नक्षीची नक्कल केलेल्या, वजन आणि चाचणी यांपैकी काहीच न सांगणाऱ्या रिमवर ट्रॅकवर जीव सोपवू नये.

टायर बदलल्यावर करायची कामे

चांगला टायर कमी कॅम्बरवर (चाक उभ्या रेषेपासून झुकण्याचा कोन; उणे म्हणजे वरची बाजू आत झुकलेली) लावला, तर त्याची बाहेरची कड काही दिवसांत जळून जाते आणि आतली अर्धी रुंदी नवीच्या नवी राहते. रस्त्यावर उणे एक अंश पुरतो. ट्रॅकवर पुढच्या चाकांना उणे अडीच ते तीन अंश लागतो, आणि त्यासाठी अनेक गाड्यांत समायोज्य कॅम्बर प्लेट बसवाव्या लागतात. हा खर्च टायरच्या हिशेबातच धरावा. हवेच्या दाबाचेही तसेच आहे. २५ अंश सेल्सिअसला ३२ पीएसआय भरलेला टायर आतली हवा ७५ अंशांवर गेल्यावर जवळपास ४० पीएसआयवर पोहोचतो, म्हणून ट्रॅकवर थंड दाबापेक्षा सत्र संपताच मोजलेला गरम दाब महत्त्वाचा असतो. तो टायरच्या उत्पादकाने सांगितलेल्या पातळीवर येईल इतकी हवा कमी करावी आणि घरी निघताना ती पुन्हा भरावी.

टायर घेताना बाजूवरचे चार अंक वाचावेत. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा ३२ वा आठवडा. सवलतीत मिळणारा जुना मऊ टायर ट्रॅकसाठी सवलत नसते. रिमचे मधले छिद्र हबपेक्षा मोठे असेल, तर योग्य मापाची हबरिंग (मधली पोकळी भरणारे कडे) घालावी. नटाची बैठक शंकूच्या आकाराची आहे की गोलाकार, हे नव्या रिमनुसार तपासावे, कारण मूळ गोलाकार नट शंकूच्या बैठकीवर घट्ट झाल्यासारखा वाटला तरी तिथे त्याचा स्पर्श अगदी थोड्या जागी होतो आणि तो सैल होऊ शकतो. नट गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कने, टॉर्क रेंच वापरूनच आवळावेत, पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा पाहावेत आणि ट्रॅकवर प्रत्येक सत्रापूर्वी, चाके थंड झाल्यावर, एकदा तपासावेत.