मणक्यातली क्लोरोमाची गाठ: आधी ऑपरेशन का शेक, मग केमो, आणि नागपूर का मुंबई

मोठेबाबा वावरातून घरी आले तेव्हा एका पायात चप्पलच नव्हती, आणि ती कुठं निघून पडली हे त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. पाठ दीड महिन्यापासून दुखत होती, पण सोयाबीन सोंगायचे दिवस, कोणी मनावर घेतलं नाही. एमआरआयमध्ये मणक्याच्या नळीत गाठ दिसली, एका डॉक्टरांनी तुकडा न तपासताच टीबी समजून गोळ्या चालू केल्या, त्यात तीन आठवडे गेले, त्याचा राग मला अजून आहे. शेवटी निघाला मायलॉइड सार्कोमा, जुनं नाव क्लोरोमा, म्हणजे एएमएल या रक्ताच्या कॅन्सरच्याच पेशी, फक्त गाठ करून बसलेल्या. कापल्यावर ती कधी कधी हिरवट दिसते म्हणून १८५३ पासून हे नाव आहे. ज्यांच्या घरी आता हाच रिपोर्ट हातात घेऊन बसलेत त्यांच्यासाठी लिहितो.

पहिला प्रश्न ऑपरेशन का शेक (रेडिएशन). हे पायावरून ठरते. पाय लुळे पडत असतील, लघवी अडकली असेल तर थांबायचं नाही, न्यूरोसर्जन मागचं हाड काढून नसेवरचा दाब लगेच कमी करतात आणि तपासायला भरपूर तुकडाही मिळते. मोठेबाबांना लघवीची नळी लागली होती म्हणून आम्ही हेच केलं. पण प्लेटलेट कमी असल्या तर रक्तस्रावाची भीती राह्यते, आणि जखम भरेपर्यंत केमो लांबू शकते. शेकाला चिरफाड नाही, या पेशी शेकाला लवकर वितळतात. एएमएल आधीच माहीत आहे, पायात ताकद आहे, अशा पेशंटला डॉक्टर बऱ्याचदा शेकच सांगतात. तुकडा न घेता शेक द्यायला मात्र मी कोणालाच हो म्हणणार नाही, हीच गाठ लिम्फोमा (गाठींचाच दुसरा एक कॅन्सर) म्हणूनही रिपोर्टमध्ये येऊ शकते, एमपीओसारखे मार्कर, म्हणजे पेशी कोणत्या जातीची ते ओळखायच्या खुणा, लावल्यावरच फरक कळतो.

आता खरी अडचण. ऑपरेशन झालं, मोठेबाबा आठ दिवसांत वॉकर धरून उभे राहिले, बोनमॅरो, म्हणजे हाडातला मगज जिथं रक्त तयार होते, त्याचा रिपोर्टही साफ आला, आणि घरात सगळे म्हणायला लागले, "गाठ तं निघाली ना बाप्पा, आता केमो काहून पाह्यजे?" मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण मॅरो साफ असला तरी नुसती गाठ काढून किंवा शेक देऊन थांबलं तर बहुतेकांना काही महिन्यांतच पूर्ण एएमएल होते, म्हणून केमो एएमएलचीच द्यावी लागते, सात दिवस सायटाराबिन आणि त्यातले तीन दिवस डॉनोरुबिसिन. वय आणि हृदय झेपणारं नसलं तर हलकी औषधं असतात, ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पाठीतून पाणी काढून त्यात पेशी आहेत का तेही बघतात, असल्या तर पाठीतूनच औषध देतात. लहान लेकरांचा जो ब्लड कॅन्सर जास्त दिसते, एएलएल, त्यात हे पाठीतलं इंजेक्शन पाणी साफ असलं तरी द्यावंच लागते, म्हणून शेजाऱ्याच्या पोराची ट्रीटमेंट आणि आपली एकसारखी राहणार नाही.

मग नागपूर का मुंबई. परळच्या टाटाचा अनुभव मोठा, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा तिथल्या पेशंटसाठी मोठा आधार आहे, रेल्वेत स्लीपरला कॅन्सर पेशंटचं तिकीट फुकट होते आणि सोबतच्याला ७५ टक्के सूट. तरी केमोसाठी मी नागपूरच म्हणतो. कारण या केमोनंतर तीन-चार आठवडे रक्तातल्या चांगल्या पेशीही पार खाली जातात, ताप आला तर तासाभरात अँटिबायोटिक लागते, आणि प्लेटलेट पुन्हा पुन्हा लागतात. आमच्या गावातली पोरं रात्री दहाला जीप करून रक्त द्यायला आली, मुंबईत मी कोणाला उठवलं असतं? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचं रिजनल कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मिहानमधलं एम्स, एवढं सगळं नागपुरात आहे. रक्ताच्या कॅन्सरचा वेगळा वार्ड आणि रात्री प्लेटलेट मिळतात का, एवढं आधी विचारा. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच दिवशी द्या.

मुंबईचं दुसरं मत घ्यायचं असलं तर पेशंट न्यायच्या आधी तपासलेल्या तुकड्याचा ब्लॉक आणि स्लाईड न्या. मेणात बसवलेला तो नखाएवढा तुकडा मी डब्यात, थंड जागी ठेवून विदर्भ एक्सप्रेसनं घेऊन गेलो, जखम भरत होती तेवढ्यात दुसरं मत येऊन गेलं आणि केमोचा एक दिवस वाया गेला नाही. ब्लॉक मागायला लेखी अर्ज लागते, तो डिस्चार्जच्या दिवशीच करून टाका, नंतर एवढ्यासाठी पुन्हा एक चक्कर पडते.