ईको कार्गोत मुक्काम: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

गाडी मारुतीची ईको कार्गो, पेट्रोल. इंजिन किती सीसीचं, ताकद किती, कंपनी मायलेज किती सांगते हे सगळं शोरूमच्या पत्रकात आहे, ते परत लिहीत नाही. पंख्या-दिव्यांसाठी मागे बसवलेली बॅटरी मध्यंतरी आंबोलीत रात्री बंद पडली. विकणाऱ्याशी भांडण झालं ते वेगळंच, पण त्या रात्रीनंतर गाडीत झोपताना आत जमणाऱ्या पाण्याबद्दलचं माझं एक पक्कं मत बदललं. नवी कार्गो घेऊन तीत झोपायची सोय करायचा ज्यांचा विचार आहे त्यांना ते कळायला हवं.

माझं काम कराडला. सोलर वॉटर हीटर आणि इन्व्हर्टर बसवणं, दुरुस्त करणं. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, कधी वाईकडची फार्महाऊस. इन्व्हर्टरची एक मोठी ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर जाते. अशा दोन बॅटऱ्या, पाइपांची बंडलं आणि शिडी घेऊन रोज फिरायचं म्हणून गाडी घेतली. साइटवर दुसऱ्या दिवसाचं काम उरलं की लॉजला हजार-बाराशे जायचे. ते वाचावेत हा कॅम्परमागचा, म्हणजे गाडीतल्या झोपायच्या सोयीमागचा, पहिला हेतू. दुसरा हेतू गुहागर. समुद्राजवळ राहायला बायकोला आणि मला दोघांनाही आवडतं, आणि डिसेंबरात तिथल्या खोल्यांचे भाव परवडत नाहीत.

आधी कायद्याचं, कारण सगळ्यात जास्त चौकशी त्याचीच होते. कार्गो म्हणजे मालवाहू गाडी, पिवळी पाटी. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असल्यामुळे परमिट लागत नाही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकालही आहे. कंपनीने दिलेली जी मूळ रचना नोंदणीत आहे, ती मनाने बदलता येत नाही. म्हणून मी छत कापलं नाही, खिडकी पाडली नाही, जास्तीची सीट लावली नाही, एकही वेल्डिंग केलं नाही. आत जे आहे ते सामान आहे आणि ते अर्ध्या तासात खाली उतरतं. चालत्या गाडीत मागे कोणीही बसत नाही, झोपत तर नाहीच. हे पाळायचं नसेल तर कार्गोच्या नादाला लागू नका, पाच सीटची खासगी गाडी घ्या.

सामान म्हणजे प्लायचे दोन लांब खोके आणि त्यांच्यावर आडव्या टाकायच्या फळ्या. मिस्त्री म्हणत होते, "दादा, अठरा एमएम घ्या, आयुष्यभर बघायला नको." मी बारावर अडून बसलो. प्लाय आयएस ७१० मार्काचा, मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा. बारा एमएमची आठ बाय चारची शीट एकवीस-बावीस किलो भरते. दोन शीटमध्ये काम झालं, म्हणजे पंचेचाळीस किलोच्या आत. अठरात तेच पासष्टच्या घरात गेलं असतं आणि ते वजन घाटात रोज पेट्रोल पीत बसलं असतं. खोक्यांना आडवे आधार जवळजवळ दिले की दोन माणसांच्या वजनाला बारा एमएम अजिबात वाकत नाही. कामाच्या दिवशी फळ्या भिंतीला उभ्या बांधतो, खोक्यांमध्ये हत्यारं राहतात आणि मधल्या जागेत बॅटऱ्या. माझी उंची साडेपाच फूट, पाय सरळ होतात. सहा फुटी माणसाला तिरकं झोपावं लागेल.

आता मुद्द्याचं: पाणी. छतातून गळणारं पाणी वेगळं. मी बोलतोय ते आपल्याच श्वासाच्या पाण्याबद्दल. श्वास आणि घाम मिळून एका माणसाच्या अंगातून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. दोघांचं झालं अर्धा लिटर. घरात ते कळत नाही. बंद पत्र्याच्या डब्यात त्याला जायला जागा नसते. बाहेर थंडी पडली की पत्रा गार होतो आणि ते सगळं पाणी आतल्या बाजूने त्याच्यावर जमतं. पहाटे छताच्या आडव्या रिबांवरून, म्हणजे पत्र्याला आतून आधार देणाऱ्या पट्ट्यांवरून, थेंब ओघळायला लागतात. गादीची खालची बाजू ओली होते, फळीच्या कडा फुगतात, आठवड्यात कुबट वास येतो.

यावर उपाय म्हणून नायट्राइल रबर लावलं. एसीच्या डक्टला लावतात ती काळी शीट. छताला १९ एमएम, भिंतींना १३. पत्रा आधी थिनरने पुसून घ्यायचा, नाहीतर मेमध्ये गोंद सुटतो. ग्लासवूल वापरू नका, ते पाणी धरून ठेवतं आणि पत्र्याला आतून गंज लावतं. थर्माकोल वक्र पत्र्यावर नीट बसत नाही, मागे फट राहते आणि पाणी नेमकं तिथे जमतं. नायट्राइलच्या आतले बुडबुडे बंद असतात, त्यामुळे वाफ त्यातून पलीकडच्या गार पत्र्यापर्यंत पोचत नाही. शिवाय पावसाचा छतावरचा आवाज निम्म्याने कमी झाला आणि उन्हाळ्यात छताची धग जाणवेनाशी झाली.

पहिल्या पावसाळ्यात गाडी आतून कोरडी राहिली. हिवाळ्यात वाईजवळ थंडीत झोपलो, तेव्हाही भिंती कोरड्या. विचारणाऱ्या प्रत्येकाला मी नायट्राइलचा सल्ला दिला. जाड घ्या, आणखी जाड घ्या. त्याच वेळी एक छोटा पंखाही लावला होता, कॉम्प्युटरच्या डब्यातला १२० एमएमचा, बारा व्होल्टचा. तो मी फक्त गुदमरू नये म्हणून लावला होता.

आंबोलीत या पावसाळ्यात बॅटरी बसली ती मध्यरात्रीनंतर कधीतरी. पंखा थांबला. पावसाच्या आवाजात ते कळलंच नाही. पहाटे बायकोच्या कपाळावर थेंब पडला तेव्हा जाग आली. टॉर्च लावून पाहिलं तर सगळ्या रिबा ओल्या, नायट्राइलवरसुद्धा बारीक थेंबांचा थर, मागच्या दाराच्या पत्र्यावरून धार. तीच गाडी, तेच नायट्राइल, तीच दोन माणसं. बदल एवढाच की तीन वॉटचा पंखा चालू नव्हता.

त्यानंतर मी ते नीट तपासलं. बाजारात तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर मिळतं, ते आत टांगलं. पंखा बंद ठेवला तर दोघं झोपल्यावर थोड्याच वेळात आर्द्रतेचा आकडा नव्वदीच्या पुढे जाऊन तिथेच बसतो. पंखा लावला की आतली हवा आणि बाहेरची हवा यांत फार फरक राहत नाही. आंबोलीसारख्या ठिकाणी, जिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे बाहेरची हवाच ओलीचिंब असते. मग बाहेरची हवा आत घेऊन काय फायदा, असं मलाही वाटायचं. पण पावसाळ्यात पत्रा बाहेरच्या हवेइतकाच गार असतो, तिच्यापेक्षा फारसा गार नसतो. आतली वाफ बाहेरच्यापेक्षा वाढू दिली नाही तर पाणी सुटायला कारणच उरत नाही. नायट्राइलची आतली बाजू पत्र्यापेक्षा थोडी उबदार राहते हे खरं, पण रिबा उघड्याच राहतात आणि पाणी तिथून सुरू होतं. आज कोणी विचारलं तर मी सांगतो: पैसे कमी असतील तर आधी पंखा, मग नायट्राइल. आणि १९ एमएमची गरज नाही, १३ पुरे.

आता छत न कापता हवा खेळवायची कशी, ते सांगतो. कार्गोला मागच्या भागात उघडणारी काच नाही. मागचं दार वरच्या बिजागरीवर उचललं जातं, म्हणजे ते थोडं उघडं ठेवलं तर फट खाली येते आणि पाऊस आत येत नाही. स्टीलच्या पट्टीचा एक तुकडा वाकवून घेतला. एका टोकाला दाराचं लॅच अडकतं, दुसरं टोक खालच्या हुकात बसतं. दार दोन बोटं उघडं आणि तरीही लॉक. भोक पाडावं लागलं नाही. खडखडू नये म्हणून पट्टीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. त्या फटीत पंखा, हवा बाहेर फेकणारा. पुढच्या दोन्ही काचा बोटभर खाली, वर पावसाची पट्टी आणि दाराच्या चौकटीवर चढणारी मच्छरदाणी. डोकं पुढच्या बाजूला ठेवून झोपायचं म्हणजे ताजी हवा आधी चेहऱ्यावरून जाते. पंखा आत हवा खेचणारा लावू नका. मग पाऊस तिरका असला की तुषार गादीवर येतात.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नयेत. दार असं अर्धवट उघडं असताना इंजिन चालू ठेवायचं नाही आणि गाडी चालवायची नाही. सायलेन्सरचा धूर त्या फटीतून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. दुसरं, आत गॅस पेटवायचा नाही. त्यात तोच धोका आहेच, शिवाय एलपीजी जळताना आपल्या वजनाच्या दीडपटीहून जास्त पाणी तयार करतो. शंभर ग्रॅम गॅसवर डाळभात केला तर दीडशे ग्रॅमहून जास्त वाफ गाडीत सोडली. आम्ही शेगडी बाहेर ठेवतो, मागच्या दाराच्या आडोशाला, आणि ते दार तेव्हा पूर्ण वर उघडलेलं असतं. जोरात पाऊस असेल तर जेवायला हॉटेलात जातो.

बॅटरीचं काय झालं? लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्ट, ५० अँपिअर-तास, म्हणजे ६४० वॉट-तास. पंखा रात्रभर चालून पंचवीस वॉट-तास घेतो, दिवे आणि दोन फोन धरून शंभरच्या आत. म्हणजे चार-पाच रात्री सहज निघायला हव्या होत्या. बॅटरीच्या ॲपवर पाहिलं तर चार सेलपैकी तीन ३.२ व्होल्टवर आणि एक २.३ वर. एक सेल मेलेला, म्हणून बीएमएसने, म्हणजे बॅटरीतल्या राखण करणाऱ्या सर्किटने, सगळंच बंद केलं. बीएमएसचं त्यात काही चुकलं नाही. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "साहेब, गाडीत बसवली की वॉरंटी जाते." त्याच्याच जाहिरातीत 'गाडी, बोट, कॅम्परसाठी' असं लिहिलेलं होतं आणि त्याचा स्क्रीनशॉट मी खरेदीच्या दिवशीच काढून ठेवला होता. मग तो म्हणाला, धक्क्यांनी गेली असेल. मी हा धंदा रोज करतो, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांची वॉरंटी ग्राहकाला मिळवून देणं हे माझं कामच आहे. मला हे सांगतात तर घरगुती ग्राहकाला काय सांगत असतील? १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बिल, स्क्रीनशॉट आणि सेलच्या व्होल्टेजचे फोटो जोडले. त्यानंतर त्याचाच फोन आला. नवी बॅटरी दिली, वर कुरियरचे पैसे मागितले. ते दिले नाहीत.

नवी बॅटरीही आधीसारखीच, गाडीच्या विजेवर, २० अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरमार्फत चार्ज होते; तो करंट मर्यादेत ठेवतो. अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या भागाला, थेट जोडू नका. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढत राहतं आणि अल्टरनेटर तापून जातो. दोन्ही टोकांना फ्यूज, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. यात कोणी पैसे वाचवू नयेत. फ्रिज आणि इंडक्शनचा मोह टाळा. १,५०० वॉटची इंडक्शन वीस मिनिटं चालली की पाचशे वॉट-तास संपले, म्हणजे जवळजवळ सगळी बॅटरी. एवढ्या छोट्या गाडीत त्याला जागा नाही आणि गरजही नाही.

रोजच्या वापराबद्दल थोडक्यात. इंजिन पुढच्या सीटखाली आहे, त्यामुळे कुंभार्ली चढताना बुडाखाली ऊब येते. मी सीटखाली उरलेल्या नायट्राइलचा तुकडा ठेवायला गेलो नाही, कारण ते इतक्या उष्णतेसाठी नसतं. माझ्या गाडीत एसी नाही. मालवाहू गाड्यांना ताशी ८० च्या वर वेग जाऊ न देणारा स्पीड गव्हर्नर नियमानेच असतो, हायवेवर डावी लेन धरून जायची सवय लावून घ्यावी लागते. ताकद मागच्या चाकांना जाते, म्हणून माल भरलेला असताना शेताच्या कच्च्या चढावर गाडी छान चढते. रिकामी असताना चिखलात मागची चाकं फिरतात. तेव्हा एक बॅटरी मुद्दाम आत ठेवून जातो. घाट धरून पंधरा-सोळाचं मायलेज मिळतं.

सगळा खर्च पन्नास हजारांच्या आसपास. त्यात बॅटरी आणि डीसी-डीसी चार्जर मिळून निम्मा. पंखा चारशेचा. लॉजचे पैसे धरले तर बराचसा खर्च भरून निघाला आहे, आणि गुहागरच्या मुक्कामांचा तर हिशोबच धरलेला नाही.

बायकोचं मत विचारलं. तिला गादी चार इंची हवी होती ती मिळाली, दिवा वाचण्याइतका आहे, पण पुढच्या काचेवरची मच्छरदाणी सैल बसते आणि चिपळूणकडचे डास त्यातून येतात. ते खरं आहे. इलॅस्टिक बदलून झालं, फरक पडला नाही. आता चौकटीच्या मापाने चुंबकपट्टी शिवायला टाकली आहे. पट्टीबरोबर दुसरा पंखाही आणला आहे, तोही १२० चाच. पहिला बंद पडला तर हाताशी असावा म्हणून तो वेगळ्या फ्यूजवर, फोनच्या छोट्या पॉवरबँकेवरही चालेल अशा जोडणीने लावतोय.