दोन लिटरचा टिल्टिंग वेट ग्राइंडर: कुरोड्यांपासून महालक्ष्म्यांपर्यंत सहा महिन्यांचा वापर

आमच्या घरी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात. दुसऱ्या दिवशी, ज्येष्ठा नक्षत्रावर, संध्याकाळचं जेवण साठेक पानांचं असतं. यवतमाळ जिल्ह्यातलं छोटं गाव, आचारी वगैरे भानगड नाही. स्वयंपाक घरातच, मी, जाऊ, शेजारच्या दोघी आणि देखरेखीला सासूबाई. गेल्या वर्षी ऐन वड्यांच्या वेळी मिक्सर तापून बंद पडला आणि अर्धी डाळ पाट्यावर वाटावी लागली. तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या वेळी मोठं काहीतरी घ्यायचं. गुढीपाडव्यानंतर हा ग्राइंडर आणला, फिरत्या भांड्यात दगडांनी ओलं वाटणारा, साडेपाच हजारांना.

पहिलं काम कुरोड्यांचं (कुरडयांचं) निघालं. तीन दिवस भिजवलेला गहू, रोज पाणी बदललेलं. मिक्सरमध्ये याचे पंधरा-वीस घाणे होतात, इथे चारात आटोपलं. मीच चूक केली, मऊ होऊ दे म्हणून जास्त वेळ फिरू दिला. गव्हाचा कोंडा इतका बारीक झाला की चिकासोबत फडक्यातून खाली उतरला, आणि कुरोड्या पांढऱ्या व्हायच्या त्या मळकट झाल्या. चवीला फरक नाही, पण पानात वाढताना दिसतोच. दुसऱ्या वेळी गहू नुसता फुटेपर्यंत फिरवला, तेव्हा जमलं.

आता वड्यांबद्दल, कारण घेतला त्यासाठीच. आमच्याकडे चणाडाळ, मूगडाळ, थोडी उडीदडाळ आणि बरबटी (चवळी) असं मिश्रण असतं. साठ पानांना अडीच किलो कोरडी डाळ लागते. दोन लिटरच्या भांड्यात भिजवलेली डाळ गळ्यापर्यंत भरली तर उसळून बाहेर येते, म्हणून तीन घाणे करावे लागतात. अडचण पाण्याची आहे. पाणी अजिबात घातलं नाही तर डाळ भांड्याला चिकटून बसते, दगड वर उचलले जातात आणि नुसता आवाज येतो. पाणी जरा जास्त झालं की वडा तेल पितो. पोळ्याच्या दिवशी माझे वडे असेच तेलकट झाले, नवऱ्याने कागदावर दाबून दाबून खाल्ले. त्यानंतर बसवलेली पद्धत अशी: डाळ तीन-चार तासच भिजवायची, चाळणीत पूर्ण निथळायची, ग्राइंडर आधी चालू करून मग मूठ मूठ टाकायची, पाणी चमच्याने. दहा-बारा मिनिटांत रवाळ झाली की लगेच काढायची. दोन मुठी डाळ अख्खी बाजूला ठेवून शेवटी मिसळली की वडा कुरकुरीत होतो. आलं, मिरची, जिरं, सांबार (कोथिंबीर) नंतर हाताने.

पुरणाच्या बाबतीत मात्र दुकानदाराचं ऐकू नका. “पुरणही होते ताई” असं मला सांगितलं होतं. पोळ्यालाच अर्धा किलोचं करून पाहिलं. गूळ घालून आटवलेलं पुरण भांड्यासोबत गोल गोल फिरत राहिलं, वाटलं काहीच गेलं नाही, वरून रबर जळल्याचा वास. भांडं फिरवणारा मोटरचा पट्टा गेला. तो बदलून आणायला यवतमाळची एक फेरी. पुरण शेवटी जुन्या पुरणयंत्रातूनच काढलं, गरम असतानाच. महालक्ष्म्यांचं तीन किलोचंही तसंच. हात दुखतात, पण पर्याय नाही.

खरा पेच वेगळाच झाला. उन्हाळ्यात पाहुणे होते म्हणून मी एकदा यात लसणाची चटणी वाटली होती. श्रावणात सासूबाईंनी भांड्याजवळ नाक नेलं. “लसूण वाटला ना यात? मंग हे नैवेद्याले चालत नाही.” विषय संपला. नैवेद्याला कांदा-लसूण नाही हे मलाही माहीत आहे, पण साडेपाच हजार डोळ्यांसमोर. मीठ घालून भिजवलेले तांदूळ दोनदा वाटून फेकले, दगड चार दिवस उन्हात ठेवले. पावसाळ्यातलं ऊन ते कसलं! दगडांचा वास गेला, तरी कुठून तरी येतच होता. शेवटी सापडलं: भांड्याच्या कडेची डाळ खरवडणारी प्लास्टिकची पट्टी. ती नवीन आणली. सासूबाईंनी पुन्हा वास घेतला, काही बोलल्या नाहीत, आणि पूजेच्या सकाळी स्वतःच डाळ निथळून ग्राइंडरजवळ आणून ठेवली.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला लाइट गेली. दुसरा घाणा अर्ध्यावर होता. माझा जीव खाली-वर. आमचं इन्व्हर्टर लहान आहे, साडेसातशे वॉटचा मिक्सर लावला की ओरडून बंद पडतं. ग्राइंडरची मोटर दीडशे वॉटची. मुलाने घाबरत घाबरत लावला आणि तो चालला. दगडांचा जोर संथ फिरण्यात असतो, मिक्सरसारख्या वेगात नाही, म्हणून वीजही कमी लागते आणि डाळही तापत नाही. संध्याकाळी व्होल्टेज उतरतं तेव्हाही जरा मंद फिरतो, थांबत नाही. खेड्यात राहणाऱ्याने हा घ्यावा तो यासाठी. घाणा लावून मी तेवढ्या वेळात सोळा भाज्यांतल्या सहा चिरून घेतल्या, मिक्सरजवळ मात्र उभंच राहावं लागतं.

तक्रारी आहेतच. जड आहे, ओट्यावरून खाली उतरवायला दोघं लागतात. पीठ ओतायला भांडं वाकवता येतं हे सोयीचं, पण मधल्या दांड्याभोवती जे अडकून राहतं ते बोटानेच काढावं लागतं. धुताना खाली मोटरकडे पाणी जाऊ देऊ नका. कोरडं काहीच वाटायचं नाही. नवीन आणल्यावर पहिली दोन वाटणं फेकून द्या, दगडाची भुकटी येते. आणि पट्टा एक जास्तीचा घरात ठेवाच.

घरात चारच माणसं आणि सणाला बाहेरचं कोणी नाही, तर मिक्सर पुरेसा आहे.

दिवाळीच्या अनारशाचे तांदूळ यात टाकू का म्हणून परवा सासूबाईंना विचारलं. त्यांनी कोठीतल्या उखळाकडे बोट दाखवलं.