खजुरी बाजारातला लुई लामूर : जुनी पॉकेटबुकं घेताना

इंदूरच्या खजुरी बाजारात शाळा-कॉलेजच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांमागून काउबॉयच्या ‘वेस्टर्न’ कादंबऱ्या लिहिणाऱ्या अमेरिकन लुई लामूरची जुनी पॉकेटबुकं निघाली, तर भाव विचारायच्या आधी त्यांची पाठ बघा. ही पुस्तकं शिवलेली नसतात, पानं पाठीला नुसती चिकटवलेली असतात. माळव्याचे उन्हाळे काढून तो गोंद कडक होतो आणि पुस्तक सपाट उघडलं की मधोमध तडकतं. पाठीवर उभी पांढरी रेघ दिसली की नेमकं तिथेच अलगद उघडा. सुटलेली पानं तिथेच सापडतात. शेवटचं पान जागेवर आहे ना, तेही पाहून घ्या. पिवळेपणाला घाबरू नका, तो स्वस्त कागदात राहिलेल्या लिग्निन या लाकडातल्या घटकाचा गुण. पण पानाचा कोपरा किंचित वाकवताच तुटत असेल किंवा कुबट वास येत असेल, तर फुकट मिळालं तरी नको. बुरशी शेजारच्या पुस्तकांनाही धरते.

आता आतला माल. लामूर १९०८ साली नॉर्थ डकोटातल्या जेम्सटाउनला जन्मला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून त्यानं खाणीत, जहाजावर, बॉक्सिंगच्या रिंगणात पोट भरलं. १९८८ साली गेला तेव्हा ८९ कादंबऱ्या आणि १४ कथासंग्रह मागे होते, आणि त्यातलं जवळजवळ सगळं छापात होतं. इतक्या ढिगात पुनरुक्ती आहेच. सलग पाच वाचली तर नायक एकमेकांत मिसळतात. पण जमीन, पाणी आणि वाट तो ज्या बारकाईनं लिहितो, त्याला तोड नाही.

सुरुवात ‘होंडो’नं (१९५३) करा. पहिल्याच ओळीत नायक ओठांत सिगारेट फिरवत, उन्हाच्या तिरपीत डोळे बारीक करतो, आणि पुढे समोरचा मुलूख पारखत बसतो. घाई नाही, कारण घाई केली तर जीव जाईल. तेवढ्यात माणूस कळतो. याची जुनी प्रत बँटम या प्रकाशनाची नसून गोल्ड मेडल या प्रकाशनाची असते, त्यामुळे बँटमचं कोंबड्याचं चिन्ह शोधत बसलात तर हातची जाईल.

सॅकेट घराण्यावरच्या त्याच्या मालिकेत बहुतेकांची गल्लत होते. सतरा कादंबऱ्या आहेत, पण त्या कथाकाळाच्या क्रमानं लिहिलेल्या नाहीत. काळानं पहिली ‘सॅकेट्स लँड’ १९७४ची, तर छापून आधी आलेली ‘द डेब्रेकर्स’ १९६०ची. ‘सॅकेट्स लँड’ इंग्लंडात सुरू होते. घोडे आणि गुरं शोधणारा वाचक तिथेच कंटाळतो. ‘डेब्रेकर्स’ आधी घ्या, जमली तर मागे जा.

मुखपृष्ठावर टेक्स बर्न्स किंवा जिम मायो हे नाव असलेली प्रत दिसली तर सोडू नका. ती लामूरचीच टोपणनावं. बर्न्सच्या नावानं त्यानं १९५०च्या सुमारास हॉपअलाँग कॅसिडी या काउबॉय नायकाच्या चार कादंबऱ्या लिहिल्या आणि पुढे त्या आपल्या नाहीतच म्हणत राहिला. त्याच्या मृत्यूनंतर त्या त्याच्या खऱ्या नावानं आल्या. वाचायला त्या साधारणच, पण टोपणनावाची मूळ प्रत धड अवस्थेत असेल तर घासाघीस करू नका.